फेंगशुई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे बहुतेकांची फेंगशुईशी पहिली भेट भेटवस्तूंच्या दुकानात झाली. हसऱ्या बुद्धाची मूर्ती, लाल दोऱ्यात ओवलेली चौकोनी भोकाची नाणी, दारात किणकिणणाऱ्या धातूच्या नळ्या, काचेच्या भांड्यातील बांबू अशा वस्तू घरात आणून ठेवणे म्हणजेच फेंगशुई, असा समज त्यातून रूढ झाला. मूळ चिनी परंपरेत अशा वस्तूंना फार थोडे स्थान होते. डोंगर कोठे आहे, वारा कोणत्या बाजूने येतो, पाणी कसे वळते आणि या सर्वांच्या मध्ये माणसाने घर कोठे बांधावे व मृताला कोठे पुरावे, हा तिचा खरा विषय होता. वाचकांकडून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे त्या मूळ परंपरेला धरून दिली आहेत.

फेंगशुई या शब्दाचा अर्थ काय?

चिनी भाषेत ‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. मराठीत रूढ झालेला उच्चार मूळ उच्चारापासून थोडा दूर आहे. चिनी माणसाच्या तोंडून हा शब्द साधारण ‘फंग-श्वे’ असा ऐकू येतो. या विद्येचे ‘खान-यू’ हे आणखी जुने नावही ग्रंथांतून आढळते. वारा आणि पाणी हीच दोन नावे का निवडली गेली, याचे उत्तर ‘दफनाचा ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका छोट्या जुन्या ग्रंथात मिळते. भूमीतून वाहणारा प्राण, ज्याला चिनी लोक ‘ची’ म्हणतात, वाऱ्यावर स्वार झाला की विखुरतो आणि पाण्याच्या काठाशी येऊन थांबतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणून वाऱ्यापासून आडोसा आणि पाण्याचे सान्निध्य या दोन गोष्टी जेथे एकत्र येतात, ती जागा उत्तम मानली गेली. हा ग्रंथ परंपरेने ग्वो पू या विद्वानाच्या नावावर आहे. त्याचा काळ इ. स. २७६ ते ३२४ असा सांगतात. ग्रंथाची आजची संहिता मात्र त्याच्या नंतरची असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

ही विद्या घरांसाठी सुरू झाली की थडग्यांसाठी?

दोन्हींसाठी, परंतु तिच्या शास्त्रीय ग्रंथांत थडग्यांचा विचार अधिक खोल आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. चिनी परंपरेत जिवंत माणसाच्या निवासाला ‘यांग’ घर आणि मृताच्या निवासाला ‘यिन’ घर म्हणतात. पूर्वजांच्या अस्थी ज्या भूमीत विसावल्या आहेत त्या भूमीचा प्राण वंशजांपर्यंत पोहोचतो, अशी श्रद्धा असल्यामुळे आईवडिलांसाठी योग्य दफनभूमी शोधणे हे मुलाचे कर्तव्यच मानले जाई. ज्या समाजात मृताला अग्नी देतात, त्या समाजाला या विद्येचा हा अर्धा भाग अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे, आणि भारतात आलेल्या फेंगशुईतून तो जवळजवळ पूर्णपणे गळून पडला तो त्यामुळेच.

दिशांना प्राण्यांची रूपे देण्याची कल्पना तर फारच प्राचीन आहे. हनान प्रांतातील पुयांग येथे १९८७ मध्ये सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे एक थडगे सापडले. त्यातील सांगाड्याच्या एका बाजूला शिंपल्यांनी रचलेला ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूला शिंपल्यांचाच वाघ आहे. त्या काळी आजच्या अर्थाने फेंगशुई होती असे यावरून म्हणता येणार नाही, पण पुढील काळातील पूर्वेचा ड्रॅगन आणि पश्चिमेचा वाघ ही जोडी पाहिली की या थडग्याची आठवण येतेच.

चांगली जागा कशी ओळखत असत?

हा या विद्येचा गाभा आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. जाणकार प्रथम डोंगररांगा पाहतो. डोंगरांच्या रांगांना ‘ड्रॅगनच्या शिरा’ म्हणतात, कारण दूरच्या मोठ्या पर्वतापासून निघालेली रांग चढत-उतरत, वळत येते तेव्हा तिच्यातून भूमीचा प्राण वाहत येतो अशी कल्पना आहे. ती रांग जेथे येऊन स्थिरावते, तेथे योग्य बिंदू शोधायचा असतो. या बिंदूला ‘श्युए’ म्हणतात, आणि चिनी वैद्यकात सुई टोचण्याच्या शरीरावरील बिंदूलाही हाच शब्द आहे. जमिनीकडे जिवंत देहासारखे पाहण्याची ही दृष्टी मला या संपूर्ण परंपरेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

त्या बिंदूभोवती चार रक्षक असावेत, असा संकेत आहे. पाठीशी उंच डोंगर, म्हणजे काळे कासव. समोर मोकळ्या जागेपलीकडे एखादी ठेंगणी टेकडी, म्हणजे तांबडा पक्षी. घराकडे पाठ करून समोर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला हिरवा-निळा ड्रॅगन आणि उजव्या हाताला पांढरा वाघ, म्हणजे दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या डोंगरसोंडा. हात असलेल्या खुर्चीत माणूस बसावा तसे घर या रचनेत बसते. समोरच्या मोकळ्या अंगणाला ‘उजळ दालन’ असे नाव आहे आणि त्यापुढून पाणी वळण घेत, संथपणे जावे अशी अपेक्षा असते. सरळ रेषेत वेगाने अंगावर येणारे पाणी, त्याचप्रमाणे सरळ अंगावर येणारा रस्ता, वाईट समजला जातो.

नकाशा समोर घेऊन पाहिले तर या संकेतांमागील व्यवहार लगेच लक्षात येतो. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सायबेरियाच्या दिशेने बोचरा, कोरडा, धूळ आणणारा वारा येतो, त्यामुळे उत्तरेला डोंगर असलेले घर ऊबदार राहते. नदीच्या आतल्या वळणावर गाळ साचतो आणि बाहेरचा काठ खचत जातो, त्यामुळे नदीच्या कवेत असलेली जागा टिकते आणि वळणाच्या बाहेरची जागा एखाद्या पुरात वाहून जाते. थोड्या उंचीवरची उतरती जमीन पाणी साचू देत नाही. शेकडो वर्षे शेती करणाऱ्या लोकांनी जे पाहिले, सोसले आणि लक्षात ठेवले, ते ड्रॅगन, वाघ आणि कासवाच्या भाषेत पुढच्या पिढीच्या हाती दिले, असे मी मानतो.

दक्षिणमुखी घर चीनमध्ये उत्तम आणि आपल्याकडे वर्ज्य, असे कसे?

या प्रश्नातच दोन्ही परंपरांना समजून घेण्याची किल्ली आहे. बीजिंग सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंशांवर असतो आणि दक्षिणेकडील खिडकीतून खोलीच्या आतपर्यंत ऊन पोहोचते. जूनमध्ये तोच सूर्य ७३ अंशांपर्यंत चढतो आणि पुढे आलेल्या छपरामुळे ऊन बाहेरच अडते. कडाक्याच्या थंडीत फुकट मिळणारी ऊब आणि उन्हाळ्यात सावली, असा दुहेरी लाभ दक्षिणमुखी घराला मिळतो. मुंबई १९ अंशांवर आहे. येथे डिसेंबरमधील दुपारचा सूर्यही ४७ अंशांच्या वर असतो आणि जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे दक्षिणेच्या उन्हाचे ते मोल येथे उरत नाही. शिवाय भारतीय परंपरेत दक्षिण ही यमाची दिशा असल्याने तिच्याविषयी मनात भय आहे. एकाच दिशेला एका देशाने सन्मान दिला आणि दुसऱ्याने टाळले, यात दोघांपैकी कोणी चुकले असे समजण्याचे कारण नाही. दोघांचे आकाश वेगळे आहे.

काही जुन्या चिनी नकाशांत दक्षिण वरच्या बाजूला असते आणि सम्राट नेहमी दक्षिणेकडे तोंड करून सिंहासनावर बसे, हेही येथे सांगायला हवे.

मग वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांत साम्य काहीच नाही का?

साम्य आहे, परंतु ते विक्रेते सांगतात त्या ठिकाणी नाही. दोन्हीकडे बांधकामापूर्वी भूमीची परीक्षा सांगितली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हातभर खड्डा खणून काढलेली माती पुन्हा त्यातच भरून पाहावी, माती उरली तर जमीन चांगली आणि कमी पडली तर वाईट, अशी कसोटी दिली आहे. मातीचा घट्टपणा तपासण्याची ही अगदी व्यवहार्य रीत होय. फरक मांडणीत आहे. वास्तुशास्त्र वास्तुपुरुषमंडलाच्या चौकटीतून, ठरलेल्या दिशा आणि त्यांच्या देवता यांच्या आधारे घराची वाटणी करते: ईशान्येला देव, आग्नेयेला अग्नी. फेंगशुईच्या भूरूप पाहणाऱ्या शाखेत आधी डोंगर आणि पाणी येतात आणि दिशा नंतर येते, म्हणून पाठीशी डोंगर दक्षिणेला असेल तर घर उत्तरमुखी बांधण्यासही तेथे वाव असतो. दोन्ही पद्धती एकत्र कालवून दिलेला सल्ला, जो आपल्याकडे सर्रास मिळतो, कोणत्याच परंपरेशी प्रामाणिक राहत नाही.

चिनी पंचतत्त्वे आणि आपली पंचमहाभूते एकच आहेत का?

नाहीत. आपल्याकडे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश आहेत. चीनमध्ये लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी आहेत. मूळ चिनी शब्द ‘वू-शिंग’ असा असून त्यातील ‘शिंग’ म्हणजे चालणे, गती. तेव्हा ही पाच द्रव्ये नसून बदलाच्या पाच अवस्था आहेत. लाकडातून अग्नी, अग्नीतून राखरूपी माती, मातीतून धातू, धातूतून पाणी आणि पाण्यातून पुन्हा झाड, हे पोषणाचे चक्र. झाडाची मुळे माती भेदतात, माती पाण्याला बांध घालते, पाणी अग्नी विझवते, अग्नी धातू वितळवतो आणि धातूची कुऱ्हाड झाड तोडते, हे नियंत्रणाचे चक्र. स्वयंपाकघरात चूल आणि पाण्याची जागा अगदी शेजारी नसावी हा संकेत या दुसऱ्या चक्रातून आला आहे.

लुओपान म्हणजे काय?

फेंगशुईच्या जाणकाराच्या हातातील होकायंत्राला लुओपान म्हणतात. मध्यभागी ‘आकाशतळे’ नावाच्या छोट्या खोबणीत चुंबकसुई असते आणि तिच्याभोवती अनेक वर्तुळे कोरलेली असतात. त्यांतील एका मुख्य वर्तुळात ३६० अंशांचे २४ भाग केलेले असतात. १५ अंशांच्या अशा प्रत्येक भागाला ‘पर्वत’ म्हणतात. बाकीच्या वर्तुळांत तीन-तीन रेषांची आठ चिन्हे, ग्रहनक्षत्रे आणि पंचांगातील चक्रे असतात. चिनी भाषेत चुंबकसुईला ‘दक्षिण दाखवणारी सुई’ असे नाव आहे.

हे यंत्र म्हणजे केवळ भविष्य सांगण्याचे साधन नव्हे, याची साक्ष विज्ञानाचा इतिहास देतो. सोंग राजघराण्याच्या काळातील शन खुओ या बहुश्रुत अधिकाऱ्याने १०८८ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की चुंबकसुई नेमकी दक्षिणेला न थांबता किंचित पूर्वेकडे झुकते. चुंबकीय दिशा आणि भौगोलिक दिशा यांतील फरकाची ही फार जुनी नोंद आहे. लुओपानवर हीच २४ पर्वतांची वर्तुळे साडेसात अंशांनी अलीकडे-पलीकडे सरकवून पुन्हा कोरलेली आढळतात. समुद्रावर ढगाळ हवेत खलाशी सुई पाहून दिशा ठरवतात असा चिनी उल्लेख बाराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. जमिनीवर जागा पाहणाऱ्यांच्या हातातील सुईचा वापर त्याआधीच सुरू झालेला होता, असे अनेक इतिहासकार मानतात.

फेंगशुईच्या शाखा कोणत्या?

मुख्य शाखा दोन. भूरूप शाखा जिआंगशी प्रांताशी आणि नवव्या शतकातील यांग युनसोंग या जाणकाराच्या नावाशी जोडली जाते; ती डोळ्यांनी पाहते. दुसरी होकायंत्र शाखा, सोंग काळापासून फुजिआन प्रांतात वाढलेली. ती दिशा, काळ आणि आकडेमोड यांवर भर देते. ‘उडते तारे’ ही लोकप्रिय पद्धत दुसऱ्या शाखेतील असून ती तीन-तीनच्या चौकोनात १ ते ९ अंक मांडते आणि काळाची वीस-वीस वर्षांची नऊ पर्वे मानते. या गणनेनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये नववे पर्व सुरू झाले. प्रत्यक्षात अनुभवी जाणकार दोन्ही शाखांचा आधार घेतात.

घराच्या आराखड्यावर दारापासून नऊ चौकोन आखून ‘हा धनाचा कोपरा, हा विवाहाचा कोपरा’ असे सांगणारी जी पद्धत आज जगभर प्रसिद्ध आहे, ती मात्र बरीच अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लिन युन या चिनी गुरूंच्या शिष्यपरिवारातून ती पसरली आणि तिच्यात होकायंत्राची गरजच उरली नाही.

हे सर्व एखाद्या घरात प्रत्यक्ष कसे उतरते?

बीजिंगच्या गल्ल्यांमधील, चौकाभोवती चार बाजूंनी बांधलेली जुनी घरे हे उत्तम उदाहरण आहे. पुण्यातील वाड्याचा चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. उत्तरेकडील, म्हणजे दक्षिणमुखी दालन घरातील वडीलधाऱ्यांचे. पूर्व-पश्चिमेच्या खोल्या मुलांच्या. दक्षिणेकडील थंड, अंधाऱ्या खोल्या नोकरांच्या किंवा पाहुण्यांच्या. मुख्य दार मधोमध नसून आग्नेय कोपऱ्यात असते. दारातून आत येताच समोर एक आडवी भिंत लागते आणि वळल्याशिवाय चौकात जाता येत नाही. वाईट शक्ती सरळ रेषेतच चालतात, म्हणून ही भिंत, असे लोकश्रद्धा सांगते. रस्त्यावरच्या माणसाला घरातील काही दिसू नये आणि वाऱ्याचा झोत थेट चौकात घुसू नये, हे तिचे काम ती श्रद्धा असो वा नसो चोख बजावते.

राजवाडा आणि राजांची थडगी यांतही फेंगशुई पाहिली गेली का?

अत्यंत काटेकोरपणे. बीजिंगचा निषिद्ध राजवाडा १४०६ ते १४२० या काळात बांधला गेला. जागा सपाट असल्यामुळे पाठीशी डोंगर नव्हता. तेव्हा ५२ मीटर रुंद खंदक खणताना निघालेली माती उत्तरेला रचून जिंगशान ही सुमारे ४५ मीटर उंचीची टेकडी उभी करण्यात आली. समोरच्या अंगणातून ‘सुवर्णजल’ नावाचा प्रवाह धनुष्याच्या आकारात फिरवला आहे. निसर्गाने डोंगर आणि पाणी दिले नाही, तर ते हातांनी घडवायचे, एवढी त्या रचनेवर निष्ठा होती. राजवाड्याच्या मध्यातून जाणारा शहराचा ७.८ किलोमीटर लांबीचा मध्य-अक्ष २०२४ मध्ये जागतिक वारसा ठरला आणि तो निर्णय ज्या बैठकीत झाला ती नवी दिल्लीत भरली होती.

शहराच्या वायव्येला मिंग घराण्यातील १३ सम्राटांची थडगी आहेत. योंगलो सम्राटाने तेथे १४०९ मध्ये आपल्या थडग्याचे काम सुरू केले. तीन बाजूंनी डोंगर आणि दक्षिणेकडे उघडी दरी, अशी ती जागा म्हणजे ग्रंथातील वर्णन जमिनीवर उतरल्यासारखी आहे.

एवढे करूनही मिंग घराणे का बुडाले?

हा प्रश्न चिनी लोकांनीही विचारला आहे. १६४४ मध्ये बंडखोर राजधानीत शिरले तेव्हा शेवटच्या मिंग सम्राटाने त्याच जिंगशान टेकडीवर गळफास घेतला. जी टेकडी राजवाड्याच्या पाठीशी रक्षणासाठी रचली होती, तिच्यावरच घराण्याचा शेवट झाला. दुष्काळ, रिकामी तिजोरी, रोगराई आणि सीमेवरचे युद्ध यांवर कोणतीही जागा उपाय करू शकत नाही.

चीनमध्ये या विद्येवर टीका झाली नाही का?

झाली, आणि ती पाश्चात्त्य लोक तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी झाली. पहिल्या शतकातील विचारवंत वांग छोंग याने, आडनावाच्या ध्वनीवरून घराचे दार कोणत्या दिशेला असावे हे ठरवण्याच्या तत्कालीन पद्धतीची चिकित्सा केली. सरकारी निवासस्थानांत नाना आडनावांचे अधिकारी राहतात, दारेही नाना दिशांना असतात. मग बढती मिळालेल्यांची दारे शुभ दिशेला आणि पदावरून काढलेल्यांची अशुभ दिशेलाच असतात असे दिसते का, असा त्याचा रोख होता. सातव्या शतकात तांग सम्राट ताइझोंगने अशा ग्रंथांची छाननी करण्याचे काम ल्यू त्साय या अधिकाऱ्याकडे दिले. त्याने दाखवून दिले की पूर्वजाचे थडगे एकदा बांधल्यावर जागचे हलत नाही, तरी त्याच वंशजाला पद मिळते, जाते आणि पुन्हा मिळते.

सर्वांत बोलकी हकिकत इतिहासकार आणि राजनीतिज्ञ सिमा ग्वांग याने अकराव्या शतकात लिहून ठेवली आहे. कुटुंबातील एका मोठ्या माणसाच्या दफनाच्या वेळी नातेवाइकांनी जाणकाराला विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही असा हट्ट धरला. तेव्हा सिमा ग्वांगच्या थोरल्या भावाने शेजारच्या गावातील एका जाणकाराला वीस हजार नाणी देऊ केली, मात्र आपण सांगू तेच सांगायचे अशी अट घातली. दिवस, वेळ, खड्ड्याची खोली, येण्याजाण्याची वाट हे सर्व भावाने सोयीनुसार ठरवले. जाणकाराने त्यावर ग्रंथाचा आधार चढवून ‘अतिशय शुभ’ असा निर्वाळा दिला आणि नातेवाईक समाधानी झाले. पुढे तो भाऊ ७९ वर्षांचा होऊन मानाने निवृत्त झाला, स्वतः सिमा ग्वांग मोठ्या पदावर पोहोचला आणि कुळातील २३ जण सरकारी सेवेत होते. त्याची खरी तळमळ वेगळी होती: योग्य जागा आणि मुहूर्त मिळेपर्यंत लोक आईवडिलांचे दफन वर्षानुवर्षे लांबवत होते, आणि ही मृतांची विटंबना त्याला सहन होत नव्हती.

फेंगशुईला वैज्ञानिक आधार आहे का?

प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील. ऊन, वारा, पाण्याचा निचरा, नदीचे वळण, डोंगराचा आडोसा यांविषयीचे तिचे निरीक्षण बहुतांशी खरे ठरते आणि वास्तुविशारद आजही त्याच गोष्टी वेगळ्या शब्दांत मांडतात. ‘ची’ नावाची शक्ती मात्र कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही, आणि पलंग हलवल्याने पगार वाढतो किंवा नाणी टांगल्याने कर्ज फिटते याला कोणताही पुरावा नाही. आजारपण, कर्ज किंवा घरातील कलह यांवर उपाय म्हणून कोणी महागडा बदल सुचवत असेल, तर डॉक्टर, बँक किंवा समुपदेशक यांच्याकडे आधी जावे, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो.

हसरा बुद्ध, तीन पायांचा बेडूक आणि बांबू यांचे काय?

हसरा बुद्ध हा गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये होऊन गेलेला, कापडी झोळी घेऊन फिरणारा ‘बुदाई’ नावाचा एक भिक्षू लोकांनी मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानला, त्याची ही मूर्ती. तिला चिनी बौद्ध मंदिरांत मानाचे स्थान आहे. फेंगशुईच्या जुन्या ग्रंथांशी तिचा संबंध नाही. तीन पायांचा बेडूक लिऊ हाय या ताओपंथी सिद्धाच्या लोककथेतून आला. ‘नशीबवान बांबू’ म्हणून विकले जाणारे रोप तर बांबूही नाही आणि मूळचे चिनीही नाही. ते ड्रॅसिना कुळातील असून मूळ मध्य आफ्रिकेतील आहे. या वस्तू आवडत असतील तर जरूर ठेवाव्यात. त्यांची निगा राखावी, त्यांच्याकडून धनाची अपेक्षा ठेवू नये.

पलंग आणि आरसा यांविषयीचे नियम मूळ परंपरेतील आहेत का?

काही आहेत. पलंगाची डोक्याकडील बाजू भक्कम भिंतीला असावी, झोपल्या जागेवरून दार दिसावे पण पाय थेट दाराकडे नसावेत, पलंगासमोर आरसा नसावा, हे संकेत चिनी घरांत सर्रास पाळले जातात. पाठीशी आधार आणि समोर मोकळीक, हे डोंगर-अंगणाचेच तत्त्व खोलीच्या मापात आणलेले आहे. पाय दाराकडे नसावेत यामागे मृताला घराबाहेर नेण्याची प्रतिमा आहे. आपल्याकडे दक्षिणेकडे पाय करून झोपत नाहीत, त्यामागेही मृत्यूचीच प्रतिमा असल्यामुळे हे मराठी माणसाला सहज समजेल.

गाव आणि जंगल यांच्यासाठी या विद्येचा काही उपयोग झाला का?

माझ्या मते तिचे सर्वांत मोठे देणे येथेच आहे. आन्हुई प्रांतातील होंगत्सुन गावाची रचना बसलेल्या बैलाच्या आकाराची मानतात: टेकडी हे डोके, दोन जुने वृक्ष ही शिंगे, चार पूल हे पाय आणि गावभर फिरणारे पाट ही आतडी. मिंग काळात आखलेले हे पाट ओढ्याचे पाणी घराघरांच्या दारावरून नेतात, अर्धचंद्राकृती तळ्यात जमा करतात आणि पुढे गावाच्या दक्षिणेकडील तळ्यात सोडतात. पिण्याचे, धुण्याचे, आग लागल्यास विझवण्याचे पाणी हाताशी, आणि उन्हाळ्यात गल्ल्या थंड. २००० मध्ये शेजारच्या शीदी गावासह ते जागतिक वारसा ठरले.

दक्षिण चीनमधील गावांच्या पाठीशी ‘फेंगशुई वन’ राखले जाई. त्यातील झाड तोडले तर गावाचे भाग्य तुटते या समजुतीमुळे आसपासचे डोंगर उघडे पडले तरी ही राने टिकली. एकट्या हाँगकाँगमध्ये अशी शंभराहून अधिक राने आहेत आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे मूळ जंगलाच्या खुणा शोधतात. दरड कोसळण्यापासून आणि थंड वाऱ्यापासून ती गावाचे रक्षण करतात. कोकणातील आणि सह्याद्रीतील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या रानाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आज चीन आणि हाँगकाँगमध्ये फेंगशुईची स्थिती काय आहे?

चीनमध्ये १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या रूढींविरुद्ध मोहीम चालली, तेव्हा लुओपान आणि ग्रंथ नष्ट झाले आणि जाणकारांचा छळ झाला. अधिकृत भूमिका तिला आजही अंधश्रद्धा मानते, तरी दफनभूमी आणि घर निवडताना सल्ला घेतला जातोच. हाँगकाँगमध्ये ही परंपरा कधी खंडित झाली नाही. रस्ता किंवा धरणाच्या कामामुळे गावाच्या फेंगशुईला बाधा येते अशी तक्रार आल्यास ‘तुन फू’ या शांतिविधीसाठी सरकार रक्कम देत आले आहे. २००५ मध्ये उघडलेल्या हाँगकाँग डिस्नेलँडचे प्रवेशद्वार सल्ल्यानुसार १२ अंशांनी फिरवण्यात आले, असे तेव्हा वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते.

मुंबई-पुण्यातील सदनिकेत राहणाऱ्याने यातून काय घ्यावे?

चिनी दिशा जशाच्या तशा आणू नयेत. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, आपली चिंता थंडीपेक्षा उकाडा आणि ओल यांची आहे. घर घेण्यापूर्वी मात्र जाणकारासारखी जमीन वाचावी: इमारत नाल्याच्या किंवा नदीच्या पूररेषेत आहे का, मागची टेकडी कापून सपाट केली आहे का, भर टाकलेल्या खाजणावर पाया आहे का, दुपारच्या पश्चिमेच्या उन्हाला काही आडोसा आहे का, समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळतो का. जागा एकदा दुपारी आणि एकदा भर पावसात पाहावी. दाराच्या तोंडाशी सामान साठवू नये आणि काम करण्याची जागा पाठ दाराकडे होईल अशी ठेवू नये.

हे प्रत्यक्ष पाहायचे असल्यास कोठे जावे?

एकच दिवस असेल तर बीजिंगमध्ये जिंगशानवर जावे. टेकडीच्या माथ्यावरील मंडपातून दक्षिणेकडे पाहिले की राजवाड्याची पिवळी छपरे एका ओळीत दिसतात, आणि आपण कासवाच्या पाठीवर उभे आहोत हे ध्यानात येते. तेथून जवळच्या गल्ल्यांत चौकाची घरे आहेत. दार कोणत्या कोपऱ्यात आहे आणि आत आडवी भिंत कोठे लागते, हे पाहावे. होंगत्सुनला गेल्यास पहाटे जावे आणि पाण्याच्या दिशेने चालत राहावे. पाटांतून पाणी अजून वाहते आणि दारातल्या पायरीवर बसून बायका त्यात भाजी धुताना दिसतात.